‘रॅम्बल’ला मराठीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दिवाळी अंकासाठी तुम्ही एका निवृत्त इंग्रज शिक्षकाचा लेख मराठीत करताय. हा गृहस्थ डर्बीशरच्या डोंगरांत जन्मभर पायी हिंडलेला. लेखभर ‘रॅम्बल’ (मौजेनं पायी हिंडणं, आणि विषय सोडून वाहवत बोलणं-लिहिणंही) हा शब्द पेरलेला आहे आणि शेवटाकडे तो स्वतःवरच कोटी करतो: रॅम्बलबद्दल लिहायला बसलो, आणि बघा, रॅम्बलच करत बसलो. कोशात तुम्हाला ‘भटकणे’ मिळालं. ते पायांना चालतं, पण लिहिण्याला नाही. ‘पाल्हाळ’ लिहिण्याला चालतं, पण पायांना लावलं की हसू येतं. तेव्हा दोन्हीकडे बसेल असा एक मराठी शब्द आहे का, असं तुम्ही विचारलंत.

नाही. सव्वीस वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतेय आणि या शब्दानं मला तीनदा तरी तोंडघशी पाडलंय. त्यातला एक किस्सा पुढे सांगते. पण एकच शब्द शोधायचा हट्ट तुम्ही सोडलात तर कोटी सुटते. अडचण अशी आहे की इंग्रजीत हे एकच क्रियापद पायांना लागलं की कौतुकाचं होतं आणि जिभेला लागलं की दोषाचं. रविवारी रॅम्बलला गेलेला माणूस निरोगी आणि आनंदी, तर मीटिंगमध्ये रॅम्बल करणारा माणूस सगळ्यांच्या डोक्याला ताप. मराठीतही चालण्याची आणि बोलण्याची सांगड आहे, भरपूर आहे, फक्त ती क्रियापदात नाही. कुठे आहे ते सांगते, पण आधी पायांचं बघू, कारण तुमचा निम्मा लेख त्यावरच आहे आणि तिथे ‘भटकणे’ चालतं असं तुम्हाला वाटतंय, ते मला तितकंसं पटलेलं नाही.

कोणताही इंग्रजी कोश उघडा, ‘रॅम्बल’ म्हणजे ठरावीक मुक्कामाशिवाय, मौजेसाठी केलेलं चालणं असं काहीतरी सापडेल. कोश चुकीचा नाही, पण इंग्लंडात स्वतःला रॅम्बलर म्हणवणारी माणसं प्रत्यक्षात कशी चालतात हे त्यावरून मुळीच कळत नाही. मला ते शेफील्डला बहिणीकडे राहायला गेले तेव्हा कळलं. तिच्या ओळखीतला एक गट दर रविवारी ‘रॅम्बल’ला जायचा. म्हटलं जाऊ या, आपल्याला काय, चालत गप्पा मारायच्या. सकाळच्या गाडीनं डर्बीशरच्या डोंगरांतल्या ईडेल गावी उतरलो, तर स्टेशनाबाहेर सत्तरीच्या एक बाई गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातला नकाशा अडकवून उभ्या. निघण्यापूर्वी त्यांनी माणसं मोजली. चौदा. मग दर कुंपणापाशी पुन्हा मोजायच्या, आणि तेरा भरली की सगळे थांबायचे. सव्वाबाराला एका दगडी भिंतीच्या आडोशाला बसून डबे उघडले, चीजचे सँडविच आणि थर्मासमधला चहा. बरोबर वीस मिनिटांनी उठायचा हुकूम झाला, कारण परतीची गाडी चार वाजून पाच मिनिटांनी होती आणि मधे अजून एक टेकडी होती. याला कुणी ‘निरुद्देश भटकणे’ म्हणालं असतं तर बाईंनी त्याला तिथूनच परत पाठवलं असतं.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. गटात एक आजोबा होते. चढणीवर माझ्या शेजारून चालत त्यांनी मला मँचेस्टरच्या जुन्या ट्रामपासून सुरुवात करून आपल्या मेव्हण्याच्या कबुतरांपर्यंत आणलं. मधे हवामान होतं, गुडघा होता, १९७६ चा कडक उन्हाळा होता. त्यांच्या बायकोनं मागे वळून मला म्हटलं, ‘मनावर घेऊ नका हं, ही रॅम्बल्स,’ म्हणजे ‘हे रॅम्बल करतात.’ आणि सगळा गट हसला, कारण तिथला प्रत्येक जण एका अर्थानं रॅम्बलरच होता. पायांनी सगळेच, आजोबा जिभेनंसुद्धा. तुमच्या लेखकाची कोटी हीच आहे. ती त्यानं शोधून काढलेली नाही, त्या डोंगरांत ती रोज कुणी ना कुणी करत असतं. म्हणून मराठीतही ती सहज आली पाहिजे. घडवलेली वाटली की मेली.

आता पायांसाठी कोणता शब्द. ‘फेरफटका’ छोटा आहे, जेवण झाल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन येण्याचा. ‘पायपीट’ आणि ‘तंगडतोड’ यांत कुरकुर आहे. ‘रपेट’ ऐकली की अजून घोडा दिसतो. ‘वणवण’ तर दुःखाचीच. ‘उंडारणे’ गुरांचं आणि शाळा बुडवणाऱ्या पोरांचं. ‘पदभ्रमण’ संस्थेच्या पत्रकात शोभतं, माणसाच्या तोंडी नाही. उरतात ‘हिंडणं’ आणि ‘भटकणं’. आपल्याकडे सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी ‘भटकंती’ला चांगले दिवस आणले आहेत. डोंगरभटके म्हटलं की आता पाठीवर सॅक घेतलेली, रात्री गडावर मुक्काम टाकणारी पोरं डोळ्यांसमोर येतात, उनाड कुणी नाही. तुमच्या वाचकाला म्हणून ‘भटकंती’ ओळखीची वाटेल, आणि लेखाच्या शीर्षकात ती जरूर वापरा. पण गड्यांनो, प्रत्येक ठिकाणी नको. ‘भटकंती’त एक धाडस आहे, अवघड कातळावरचा रॉकपॅच आहे, पावसात भिजणं आहे. ईडेलच्या बाईंच्या थर्मासला ते झेपत नाही. वाक्यात क्रियापद म्हणून मी ‘हिंडणे’ घेते. ‘रविवारी आम्ही डोंगरात हिंडायला जायचो.’ साधं, घरगुती, कुणावर शिक्का न मारणारं.

आणि एका जागी ‘भटकणे’ अजिबात वापरू नका, तुमच्या मसुद्यात ते वापरलेलं दिसतंय म्हणून सांगते. ब्रिटनमधल्या रॅम्बलर्सच्या संघटनेचं भाषांतर तुम्ही ‘भटक्यांची संघटना’ असं केलंय. मराठी वाचक हे वाचून काय समजेल? ‘भटके’ हा आपल्याकडे समाजांना आणि सरकारी प्रवर्गांना लागलेला शब्द आहे: विमुक्त जाती आणि भटक्या जमाती. १८७१ साली इंग्रज सरकारनं कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन अजून पाळतात. म्हणजे त्याच इंग्रजांच्या राज्यात इथे हिंडत जगणारा माणूस पोलीस पाटलाकडे हजेरी लावत होता. तो शब्द उचलून मँचेस्टरच्या रविवारच्या मंडळींच्या गळ्यात घालणं नुसतं चुकीचं नाही, जरा निर्लज्जपणाचंही होईल. तिथे ‘रॅम्बलर’ हा शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा अर्ध्या वाक्यात समजावून सांगा. मराठीनं ट्रेक पचवला, पिकनिक पचवली, ‘रॅम्बलर’नंही काही बिघडणार नाही.

तो शब्द ठेवायचं आणखी एक कारण तुमच्या लेखातच आहे. लेखक एके ठिकाणी आपल्या वडिलांबद्दल ‘ते जुने रॅम्बलर होते, किंडरवाले’ असं लिहितो, असं तुम्ही दिलंय, आणि ‘किंडरवाले’ म्हणजे काय हे तुम्हाला लागलेलं नाही. किंडर स्काउट हा त्या भागातला सर्वांत उंच माळ, ६३६ मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्माही नाही, पण माथ्यावर मैलोन्‌मैल दलदलीचं काळं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची माती, पसरलेलं. १९३०च्या सुमाराला तो ड्यूक ऑफ डेव्हनशरसारख्या जमीनदारांच्या मालकीचा होता, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला. वर्षातले काही थोडे दिवस शिकार चालायची, बाकी सगळं वर्ष काठ्या घेतलेले राखणदार लोकांना हाकलायचे. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या मुलांना रविवारी धुरातून बाहेर पडून जायला जवळची उघडी जागा म्हणजे हेच माळ, आणि तेच बंद.

२४ एप्रिल १९३२ च्या रविवारी काही शे तरुण हेफील्ड गावाजवळच्या एका दगडखाणीत जमले आणि ठरवून, सांगून-सवरून त्या माळावर चढले. पुढारी बेनी रॉथमन, वय २०. वर राखणदारांशी झटापट झाली. खाली उतरल्यावर धरपकड झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. गंमत म्हणजे रॅम्बलर्सच्या प्रस्थापित संघटनांना हे घुसणं मुळीच पसंत नव्हतं. त्यांची भिस्त अर्ज-विनंत्या आणि वाटाघाटींवर होती. पण शिक्षा इतकी कडक वाटली की लोकांची सहानुभूती उलटी फिरली. १९३५ मध्ये रॅम्बलर्सची देशपातळीवरची संघटना उभी राहिली, १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा झाला, १९५१ मध्ये पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते पीक डिस्ट्रिक्टचं, म्हणजे याच डोंगराळ भागाचं. २००० सालच्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समधल्या डोंगरमाळांवर पायी हिंडायचा हक्क मिळाला. २००२ मध्ये, त्या प्रकरणाला ७० वर्षं झाली तेव्हा, त्या वेळच्या ड्यूकनं आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

तेव्हा त्या म्हाताऱ्या शिक्षकाच्या तोंडी ‘रॅम्बलर’ येतो तो छंदाचं नाव म्हणून येत नाही. त्यात जरा छाती पुढे काढणं आहे. आमच्या बापजाद्यांनी तुरुंगात जाऊन मिळवलेलं हिंडणं आहे हे. ‘पदभ्रमणप्रेमी’ लिहिलंत की हे सगळं गेलं.

एक सावधगिरी, तुमच्या लेखाला लागू नाही, पण पुढे कधी लागेल. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘रॅम्बल’ असा निष्पाप नव्हता. लंडनमधल्या रंगेल माणसानं रात्री रॅम्बलला जाणं म्हणजे दारू आणि बायका. शब्दाची व्युत्पत्ती नक्की ठरलेली नाही, पण एक मत असं की माजावर आलेल्या जनावराच्या हिंडण्यासाठी असलेल्या डच शब्दाशी याचं नातं आहे. तिथे आपला ‘उंडारणे’ अचूक बसतो, आणि माणसासाठी ‘बाहेरख्याली’. या जुन्या वासामुळे प्रसिद्ध इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनचीसुद्धा पंचाईत झाली. १७५० ते १७५२ त्यानं आठवड्यातून दोनदा एक निबंधपत्र काढलं, एकूण २०८ अंक, सगळे गंभीर, नीतीवरचे, आणि नाव ठेवलं ‘द रॅम्बलर’. त्याचा चरित्रकार बॉस्वेल लिहितो की हे नाव अशा गंभीर मजकुराला शोभत नव्हतं, आणि इटालियन लोकांनी त्याचं शब्दशः भाषांतर करून ‘इल वागाबोंदो’ करून टाकलं. म्हणजे सरळ ‘भटक्या’! अडीचशे वर्षांपूर्वी कुणी इटालियन भाऊ याच खड्ड्यात पडला होता हे आठवलं की मला माझ्या चुकांचं जरा कमी वाईट वाटतं.

माझी चूक आता सांगते, कारण ती जिभेच्या बाजूची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी एक पुस्तिका मराठीत करायचं काम आलं होतं. लक्षणांच्या यादीत एका ओळीत ‘वाँडरिंग’ होतं आणि दोन ओळी खाली ‘रॅम्बलिंग’. पहिलं म्हणजे रुग्ण घरातून उठून निघून जातो, ते. दुसरं म्हणजे बोलणं सुसंगत राहत नाही, ते. संध्याकाळची वेळ, दुसऱ्या दिवशी मजकूर द्यायचा होता. मी दोन्हीकडे ‘भटकणे’ लिहिलं, दुसऱ्याला ‘उगाच’ जोडलं. पुस्तिका छापून आली. एका ओळखीच्या बाईंनी ती वाचून मला फोन केला. त्यांची सासू घराबाहेर कधीच जायची नाही, पण बोलता बोलता माहेरच्या विहिरीवरून थेट रेशनच्या रांगेत जायची, एकाच वाक्यात. बाई म्हणाल्या, ‘यात आमच्या आईंचं लक्षण नाहीच गं. म्हणजे त्यांना तो आजार नाही ना?’ मला उत्तर सुचलं नाही. त्यांना हवा होता तो शब्द साधा होता: ‘बोलण्याचा धागा सुटतो.’ बस. नुसत्या तापात असं झालं तर आपण ‘बरळणे’ म्हणतो, पण रोजच्या आजारी माणसाच्या घरच्यांना ‘बरळणे’ लागतं, बोचतं. तेव्हापासून मी जिभेच्या बाजूला एक नियम पाळते. आधी बघायचं, हे कोण कुणाबद्दल म्हणतंय.

दुसऱ्याबद्दल वैतागून म्हटलेलं असेल तर मराठीइतकी श्रीमंत भाषा नाही. पाल्हाळ लावणे, चऱ्हाट वळणे, लांबण लावणे, एरंडाचं गुऱ्हाळ, नमनाला घडाभर तेल. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाला बसतो हे मात्र विसरू नका. ‘चऱ्हाट’ लांबतं पण एका दिशेनं लांबतं. ‘घडाभर तेल’ सुरुवातीतच संपतं, मूळ विषय येतच नाही. एरंडाच्या गुऱ्हाळातून काहीच निघत नाही. रॅम्बल करणाऱ्याच्या बोलण्यातून मात्र पुष्कळ काही निघतं, फक्त विचारलेलं सोडून. त्याला सर्वांत जवळचं ‘विषय सोडून भरकटणे’. पण ‘भरकटणे’ पुन्हा जरा कडक आहे. जहाज भरकटतं, मुलगा भरकटतो. ईडेलचे आजोबा भरकटले नव्हते, मजेत होते.

प्रेमानं म्हटलेलं असेल तर माझा आवडता शब्द ‘अघळपघळ’. कोशात ‘रॅम्बल’पुढे हा मला कधी दिसला नाही, पण ‘रॅम्बलिंग’ या विशेषणाला मराठीत याहून चांगला जोडीदार मिळणार नाही. इंग्रजीत रॅम्बलिंग बोलणं असतं तसं रॅम्बलिंग घरही असतं. एक खोली काढली, मग दुसरी, मग मागे पडवी, मग जिन्याखाली कोठी, कुठलं दार कुठे उघडेल नेम नाही असं. आपल्याकडे घर अघळपघळ असतं, धोतर अघळपघळ असतं, आणि माणूसही अघळपघळ बोलतो. त्यात जागा आहे, सैलपणा आहे, राग नाही. तुमच्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात त्याच्या शाळेची ‘रॅम्बलिंग’ इमारत येते, तिथे तुम्ही ‘विस्तीर्ण’ लिहिलंय. ‘अघळपघळ’ करून बघा. विस्तीर्ण तर विद्यापीठाचं मैदानही असतं.

आणि स्वतःबद्दल म्हटलेलं असेल, ‘सॉरी, मी रॅम्बल करतोय’ अशा थाटात, तर बहुतेक वेळा क्रियापद लागतच नाही. मराठीत त्यासाठी एक शब्द आहे आणि आपण तो दिवसातून दहा वेळा वापरतो: ‘असो.’ हा शब्द जुना आणि मानाचा आहे. ज्ञानेश्वरीत दृष्टान्तावर दृष्टान्त रचत गेल्यावर ज्ञानदेव ‘हें असो’ म्हणतात आणि मूळ विषयाच्या वाटेला लागतात. पत्रात आजोबा गावच्या पावसाबद्दल दोन पानं लिहून ‘असो’ लिहितात आणि मग पैशांचं विचारतात. त्यात ‘मला माहीत आहे मी वाहवत गेलो’ हेही आलं आणि माफीही आली, न मागता. कीर्तनकार असाच आख्यानातून फिरून ‘मूळ पदावर’ येतो. एक फरक लक्षात ठेवा: ‘असो’ म्हणणारा परत येतो. तुमचा लेखक परत येतच नाही, म्हणून शेवटच्या ओळीत नुसतं ‘असो’ पुरणार नाही. पण मधे दोन ठिकाणी तो ‘बट आय रॅम्बल’ म्हणून पुन्हा टेकडीवर येतो, तिथे ‘असो’ सोडून दुसरं काही शोधू नका.

आता कोटी. इथपर्यंतचं एवढंच धरून ठेवा की पायांना ‘हिंडणे’ चांगलं, जिभेला ‘भरकटणे’ किंवा ‘अघळपघळ’, आणि यांतला एकही शब्द उडी मारून पलीकडे जात नाही. संस्कृतातला भ्रम् धातू जातो, भ्रमंती इकडे आणि भ्रमिष्ट तिकडे, पण त्या शिक्षकाला भ्रमिष्ट म्हणायचं नाहीये आपल्याला. तेव्हा क्रियापद सोडा आणि वाटेकडे बघा. आपण बोलण्याबद्दल बोलताना काय काय म्हणतो? बोलण्याला फाटे फुटतात. गोष्ट आडवळणानं सांगितली जाते. माणूस मूळ मुद्द्याकडे वळतो, किंवा वळतच नाही. विषय कुठल्या कुठे जातो. बोलणारा आडवाटेला लागतो. गाडी रुळावर आणावी लागते. फाटा, वळण, आडवाट, कुठून, कुठे. सगळे रस्त्याचे शब्द, आणि एकालाही पायांतून जिभेवर जाताना अडखळायला होत नाही. इंग्रजीनं जे क्रियापदात बांधलं ते मराठीनं रस्त्यात ठेवलं आहे. म्हणून कोटीही रस्त्यावरच करायची.

ईडेलच्या आजोबांच्या बायकोचं वाक्य मराठीत मला तेव्हा जमलं नव्हतं. परतीच्या गाडीत सुचलं: ‘मनावर घेऊ नका हं, ह्यांचे पाय तरी वाटेनं जातात.’ यात ‘रॅम्बल’ कुठेच नाही, पण गट हसला असता.

तुमच्या वाक्यासाठी मी तीन रूपं करून पाहिली. पहिलं, ‘हिंडण्याबद्दल लिहायला बसलो, आणि लिहिण्यातच हिंडत राहिलो.’ हे इंग्रजीच्या सर्वांत जवळ आहे, आणि म्हणूनच मला कमी आवडतं. लिहिण्यात कुणी हिंडत नाही, वाचक एक क्षण अडतो. दुसरं, ‘वाट दाखवायला निघालो, आणि फाटेच फोडत बसलो.’ हे खणखणीत आहे, पण ‘फाटे फोडणे’ भांडकुदळ आहे, मुद्दाम अडवणाऱ्या माणसाचं. तो शिक्षक तसा वाटत नाही. तिसरं असं: ‘टेकडीवर न्यायचं म्हणून तुम्हाला घेऊन निघालो, आणि बघा, कुठून कुठे आलो.’ ‘कुठून कुठे आलो’ हे आपण गप्पांत म्हणतोच, घाटात चुकल्यावरही म्हणतो. कोटी आहे हे कळेलही, नाही कळलं तरी वाक्य उभं राहील. मी हे घेईन. तुमचा लेखक जरा अधिक मिस्कील असेल, तर ते पूर्ण लेख वाचलेल्या तुम्हालाच माहीत, ‘कुठून कुठे’ऐवजी ‘भलतीकडेच’ करा: ‘आणि बघा, भलतीकडेच आलो.’

शेवटी एक छोटं, तुम्ही विचारलेलं नाही तरी. दुसऱ्या पानावर तो दर शेताच्या कडेला ‘स्टाइल’ ओलांडतो, आणि तुम्ही त्याला ‘फाटक’ केलंय. फाटक उघडतं, स्टाइल उघडत नाही. शेताच्या दगडी भिंतीतून माणूस पलीकडे जावा पण मेंढरं जाऊ नयेत म्हणून भिंतीत बाहेर काढलेले दोन-तीन दगड किंवा लाकडी पायऱ्या असतात, त्यांवर चढून पलीकडे उतरायचं. मी कोकणातली, मला ती भिंत बघताक्षणी ‘गडगा’ आठवला, चिऱ्याच्या दगडांचा, मातीशिवाय रचलेला. ‘गडग्याच्या पायऱ्या’ असं लिहा. देशावरच्या वाचकाला गडगा ठाऊक नसेल तर पहिल्यांदा ‘दगडी गडगा’ म्हणा, पुढे आपोआप कळेल. आणि त्या पायरीवर पाऊस पडलेला असेल तर पाय हमखास घसरतो. माझा घसरला होता. चौदाव्या माणसाची तिथे दोनदा मोजणी झाली.